पहिल्या काहिलीचा गूळ

देवळाली प्रवराच्या शिवारात, कॅनॉलच्या अंगाला लंकाबाईचं गुऱ्हाळ आहे, आणि तिथं हंगामाच्या पहिल्या काहिलीचा गूळ विकत नाहीत. ही रीत लंकाबाईच्या सासऱ्याच्याही आधीची. पहिला गूळ निघाला की त्याच्या लहान लहान ढेपा बांधायच्या आणि आसपासच्या प्रत्येक गुऱ्हाळावर एकेक पाठवायची. ज्यानं ती ढेप फोडून तोंडात टाकली, त्यानं न बोलता शब्द दिला की तुझा ऊस मी फोडणार नाही, तुझा गूळ रांधणारा गुळव्या पळवणार नाही, तुझ्या चुलवाणाचं वाईट चिंतणार नाही. चुलवाण म्हणजे काहिलीखालची, रस आटवायच्या मोठ्या कढईखालची भट्टी. ती थंड पडली की गुऱ्हाळ मेलं.

पूर्वी ढेपा वाटता वाटता बैलगाडी रिकामी व्हायची म्हणे. आता पंचक्रोशीत गुऱ्हाळंच उरली हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी, तेव्हा ढेपा उरतात, आणि त्या पाहुणेरावळे खातात नि वर बाई, यंदा जरा जळकट लागतोय, असंही म्हणतात. तरी लंकाबाईनं रीत सोडली नव्हती. उलट तिनं ती लांब नेली होती. पार समुद्रापलीकडं.

ती गेली कशी, तर वाल्मिकमुळं. वाल्मिक हा लंकाबाईचा एकुलता एक. साखरेचा डिप्लोमा करून तो युगांडाला एका मोठ्या साखर कंपनीत लागला. इकडची कितीतरी पोरं अशी आफ्रिकेतल्या कारखान्यांवर आहेत, कुणी पॅनवर, कुणी बॉयलरवर. वाल्मिककडं उसाचं खातं होतं. कुठल्या गावात कुणी किती ऊस लावलाय ते बघायचं आणि तो कंपनीच्याच गेटातून आत येईल याची काळजी घ्यायची. नवरा गेल्यावर लंकाबाईनं गुऱ्हाळ एकटीनं ओढलं ते एवढ्याच आशेवर की पोरगं एक दिवस परत येईल आणि चुलवाणाला त्याच्या हातचा जाळ लागेल. हंगामाचं पहिलं चिपाड, उसाचा वाळका चोथा, जो पेटवतो तो त्या गुऱ्हाळाचा धनी, हे शिवारात सगळ्यांना ठाऊक आहे. दरवर्षी लंकाबाईच ते पेटवायची आणि पेटवताना भट्टीत तोंड घालून म्हणायची, "यंदा माझ्या हातचा घे बाबा, म्होरल्या वर्सी पोरगं हाय." चुलवाणाला ती बाबा म्हणायची. सासऱ्याला कधी एवढ्या मायेनं हाक मारली नव्हती.

आता पोरगं आलं होतं. तिकडची नोकरी संपवून, कायमचं.

पण त्याआधी नबिर्येचं सांगायला हवं.

वाल्मिक तिकडं गेला त्यानंतर एका रविवारी त्याला केळीच्या बागांमधून गुळाचा वास आला. घरची आठवण झाली म्हणून तो वासाच्या मागं मागं गेला, तर गवताच्या छपराखाली एक बाई डिझेल इंजिनावर चरक फिरवत होती. विधवा बाई, पदरात जुळ्या मुली. चरक छोटा, काहील ठिगळाची, आणि गूळ असा काळा की डांबराचा भाऊ. तिचं नाव नबिर्ये. वाल्मिकनं गंमत म्हणून आईला व्हिडिओ कॉल लावला. लंकाबाईनं डोळे बारीक करून त्या काहिलीत पाहिलं, आणि ओळखदेख, रामराम काही न करता म्हणाली, "आगं बाई, ही तर मळी काढतच न्हाई!"

तिथून सुरू झालं. रविवार आला की फोन. इकडं लंकाबाई, तिकडं नबिर्ये, मध्ये वाल्मिक दोन्हीकडचं दोन्हीकडं सांगणारा. भेंडीची खोडं ठेचून पाण्यात चोळायची आणि ते बुळबुळीत पाणी उकळत्या रसात सोडायचं, म्हणजे सगळी घाण फेसाबरोबर वर येते, हे लंकाबाईनं दाखवलं तेव्हा नबिर्येनं कपाळावर हात मारून घेतला. भेंडी तिच्या दारात होती. ती नुसती खात होती. ती लंकाबाईला मामा म्हणायची, त्यांच्यात आईला मामा म्हणतात. गुळव्या अजिनाथ, जो लंकाबाईच्या लग्नाआधीपासून या गुऱ्हाळावर होता, तो म्हणायचा, "वहिनी, एवढं बरं हाय की मिशा न्हाईत तुमाला."

लंकाबाई स्वतः कामाशिवाय शिर्डीच्या पलीकडं गेलेली नव्हती. पण त्या फोनच्या एवढ्याशा काचेतून तिनं एक घर वर येताना पाहिलं. पहिल्या हंगामात नबिर्येच्या मागं गवताचं छप्पर होतं. पुढच्या हंगामात पत्रे आले. मग दुसरी काहील दिसली. मग एके दिवशी मागून निळा गणवेश घातलेल्या दोन मुली हसत पळून गेल्या, आणि लंकाबाईनं "आगं आगं, थांबवा, बघू द्या" म्हणून फोनलाच हात लावला. गूळ सोन्यासारखा निघायला लागला. आसपासचे शेतकरी ऊस घेऊन नबिर्येकडं यायला लागले, कारण ती पैसे त्याच संध्याकाळी द्यायची, कंपनीकडं मात्र वाट बघावी लागायची. हे सगळं लंकाबाई माहेरची बातमी सांगावी तसं गावाला सांगायची.

आणि एका सुट्टीला वाल्मिक आला तेव्हा त्याच्या बॅगेत केळीच्या सोपट्यात बांधलेली एक ढेप होती. नबिर्येच्या पहिल्या काहिलीची. लंकाबाईनं पहिल्या जाळापासून पहिल्या ढेपेपर्यंत सगळी रीत सांगितली होती, तिनं पाळली. लंकाबाई चुलवाणापुढं उभी राहिली, ढेप फोडली, एक खडा तोंडात टाकला आणि डोळे पुसले. धूर गेला म्हणाली. भट्टी तेव्हा पेटलेली नव्हती.

मग मागल्या हंगामात तो क्लास झाला.

कल्पना वाल्मिकची. त्यानं फोनवर सांगितलं की आजूबाजूच्या खेड्यांतले सगळेच गुऱ्हाळवाले मागं लागलेत, सगळ्यांना नबिर्येच्या अंगणात एका दिवशी बोलावतो, तू एकदाच शिकव. त्यानंच दिवस ठरवला, चहापाण्याची सोय केली, सगळ्यांनी यायलाच पाहिजे असं गावोगाव कळवलं. स्वतःला मात्र ड्युटी होती. मग सून मोनिका बी.ए. होती, तिनं इंग्रजीत सांगायचं आणि नबिर्येच्या मुलींनी त्यांच्या बोलीत, असं ठरलं. लंकाबाईनं दिवाळीचं लुगडं नेसलं. अर्धं गाव बघायला आलं. तिकडच्या अंगणात टोपीवाले बाप्ये, पाठीशी लेकरं बांधलेल्या बाया, सगळे दाटीवाटीनं बसलेले. लंकाबाईनं रसापासून सुरुवात केली. मळी काढून दाखवली. शेवटी पाक झाला का हे कसं ओळखायचं त्यावर आली. थोडा पाक थंड पाण्यात टाकायचा, त्याची गोळी वळायची आणि ताटलीवर मारायची, टण वाजली की काहील उतरवायची. गोळी चिमटीत धरून ती म्हणाली, "आता सगळ्यांनी गप बसा आन ऐका."

तेवढ्यात तिकडं कुणीतरी ओरडलं. सगळं अंगण उभं राहिलं. फोन पडला, केळीची पानं दिसली, आभाळ दिसलं, आणि बंद.

वाल्मिक म्हणाला, वादळ आलं, टॉवर गेला. नंतर म्हणाला, नबिर्येचा नंबर बदललाय, नवा माझ्याकडं नाही. मोनिका जुन्याच नंबरावर मेसेज टाकत राहिली. दोन निळ्या खुणा यायच्या, उत्तर यायचं नाही. शिकून झालं, आता कशाला लागते मी, असं म्हणून लंकाबाई रुसली. इतक्या लांबच्या माणसावर रुसायचं म्हणजे पण काम असतं. कुणी समजूत काढायला येत नाही.

तर आता आजचा दिवस. दिवाळी होऊन गेलेली, रविवार, हंगामाची सुरुवात. सकाळपासून चरक चालू होता आणि काहील रसानं भरत आली होती. मोनिका घरात पूजेचं ताट करत होती. वाल्मिक नवा पांढरा शर्ट घालून बाजेवर बसला होता, हातात चिपाडाचा पेटवायचा जुडगा घेऊन, नवरदेवानं कट्यार धरावी तसा. समोर अजिनाथ, आणि चहा पीत काकासाहेब.

काकासाहेब हे इथल्या साखर कारखान्याचे चिटबॉय. नावात बॉय, वयाला नातवंडं. कुणाचा ऊस कारखान्याच्या नावानं लागलाय हे बघणं त्यांचं काम. लंकाबाईच्या अंगणात पडलेला निम्मा ऊस तसल्याच नोंदीचा होता. काकासाहेबांना ते माहीत, त्यांना माहीत आहे हे लंकाबाईला माहीत. ते मोटारसायकल उभी करायचे, आभाळाकडं बघत म्हणायचे, "ह्यो ऊस कुनाचा म्हनून मी काय इचारत न्हाई," आणि काकवीची बाटली घेऊन जायचे. असा त्या दोघांचा संसार इतकी वर्षं चालला होता, एक मोठ्या धंद्याचा माणूस आणि एक लहान धंद्याची बाई.

लंकाबाई चिपाडाच्या गंजीमागं बसून भेंडीची खोडं ठेचत होती. ठेचणं थांबलं की गंजीपलीकडचं बोलणं ऐकू यायचं.

काकासाहेब विचारत होते की तिकडंही गुऱ्हाळवाले कंपनीचा ऊस पळवतात का. वाल्मिक हसला. पळवतात म्हणजे काय, म्हणाला, मागल्या हंगामात आमची मिल निम्मा दिवस बंद पडायला लागली. वरचे साहेब लालबुंद. तिकडच्या कायद्यात कंपनीची हद्द ठरलेली, हद्दीत दुसऱ्यानं ऊस गाळायचा नाही. पण गुऱ्हाळं केळीच्या आत आत दडलेली. शेजारच्या हद्दीत कंपनीची माणसं पोलीस घेऊन गेली, तर लोक कोयते घेऊन धावले, डोकी फुटली.

"मी म्हटलं, माझ्या हद्दीत रक्त सांडायचं नाही. मी डोकं लावलं."

"काय लावलं डोकं?" अजिनाथनं विचारलं.

"सगळ्यांना एका जागी बसवलं. आईचा क्लास ठेवला. सगळे मालक तिथं फोनकडं बघत बसलेले, आणि आमचे ट्रेलर गावोगाव फिरून चरक उचलत होते. घरी म्हातारी माणसं, अडवणार कोण? नबिर्येचा शेवटी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. तोवर उशीर झालेला. एक काठी उचलली गेली नाही, काकासाहेब. प्रमोशन दिलं मला."

चरक चालू होता.

काकासाहेबांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. आयुष्यभर या माणसानं कारखान्याचा ऊस राखला होता. ते हळूच म्हणाले, "आरं, तुझ्या आईचा क्लास हुता त्यो."

"म्हणून तर आले सगळे," वाल्मिक म्हणाला. "आईवर लई विश्वास."

गंजीमागं दगड बोटावर पडला. लंकाबाईला ते कळलंच नाही. तिला एवढंच दिसत होतं की अंगण उभं राहिलंय, आणि तिच्या चिमटीत गोळी आहे, आणि ती सगळ्यांना गप बसायला सांगतेय. गप बसा आन ऐका. तिनंच सांगितलं होतं. आणि ते बसले होते.

ती उठून गंजीला वळसा घालून आली तेव्हा कोपरापर्यंत भेंडीचं बुळबुळीत पाणी निथळत होतं आणि एका बोटाचं रक्त त्यात मिसळत होतं. वाल्मिक ताडकन उठला. "आई, बोट बघ."

तिनं बोट पाहिलं नाही. तिनं जे विचारलं ते भलतंच होतं.

"तवा वादळ न्हवतं?"

वाल्मिकनं जुडगा या हातातून त्या हातात घेतला.

"आन नंबर?"

मोनिका ताट घेऊन येत होती ती तिथंच थांबली. निरांजनाची वात वाऱ्यानं विझली, तिनं पुन्हा लावली नाही.

मग वाल्मिक बोलायला लागला, आणि तो काही खोटं बोलत नव्हता, हीच त्यातली अवघड गोष्ट. त्या भागात रस्ता कुणी केला, कंपनीनं. दवाखाना कंपनीचा, शाळा कंपनीची, चिपाडावर वीज करून गावाला देते तीही कंपनीच. गुऱ्हाळवाले कोवळा ऊस तोडतात, भट्टीसाठी जंगल जाळतात, एक रुपया कर भरत नाहीत. देश असा घरोघरच्या चुलींवर उभा राहत नाही, त्याला मोठं काहीतरी लागतं. आणि आपण नसतं केलं तर दुसऱ्या कुणी गोळ्या घालून केलं असतं. बोलता बोलता त्याचा आवाज भाषणासारखा झाला, हे साहेबांपुढं खूपदा म्हटलेलं असावं.

"ह्याच चुलीवर तू हुबा ऱ्हायलास की रं," काकासाहेब म्हणाले आणि मग कारखान्याच्या माणसानं हे बोलायला नको होतं असं वाटून मान खाली घातली.

लंकाबाईनं विचारलं, "ती कुठं हाय?"

नबिर्येला कंपनीत घेतलंय, वाल्मिकनं सांगितलं. रोपवाटिकेत. महिन्याच्या महिन्याला पगार आहे, मी स्वतः शब्द टाकला तिच्यासाठी. हे सांगताना त्याचा चेहरा जरा सैलावला. आई खूश होईल असं त्याला खरंच वाटलं होतं.

"तिची काहील?"

"काहील... भंगारात गेली ना आई. सगळ्यांच्याच."

लंकाबाई चुलवाणाच्या कठड्यावर बसली. या पोराला ती ओळखत होती. लहानपणी मुंगळा पाकात पडला तर काडीनं काढून उन्हात वाळवत बसणारं पोरगं. त्यानं कुणाचं डोकं फुटू दिलं नाही, हे त्याचंच काम, हेही तिला ओळखू आलं. आणि त्यानंच गावंच्या गावं रिकामी करून चरक उचलले. ही दोन्ही पोरं एकाच पांढऱ्या शर्टात कशी मावली, हे काही तिला समजेना.

अजिनाथनं काहिलीत पळी बुडवून पाहिली. रस काढून ठेवला की थांबत नाही, उन्हानं आंबायला लागतो. तो म्हणाला, "वहिनी, रस जाईल."

"मोनिका, फोन लाव तिला," लंकाबाई म्हणाली. "जुन्याच नंबरावर."

मोनिकानं दोनदा लावला, दोनदा नुसता वाजून थांबला. तिसऱ्यांदा उचलला.

नबिर्ये घरीच होती. वाळली होती. मागं तेच पत्र्याचं छप्पर, आणि त्याच्याखाली चरकाच्या जागी दोन शेळ्या बांधलेल्या. ती मामा म्हणाली नाही. नुसती पाहत राहिली.

"तिला सांग," लंकाबाई वाल्मिकला म्हणाली, "त्या दिवशी फोन का बंद पडला ते."

वाल्मिकनं मान हलवली, पण आईनं नजर काढली नाही. मग तो त्यांच्या बोलीत बोलला. काय बोलला हे लंकाबाईला कळायचा मार्ग नव्हता, म्हणून ती नबिर्येचा चेहरा बघत होती. आता तो चेहरा बदलेल, आता ओरडेल, रडेल. तो जराही बदलला नाही. त्या बाईला सगळं पहिल्या दिवसापासून माहीत होतं. नवं ऐकणारी इथं एकटी लंकाबाईच होती.

नबिर्येनं एक आखूड प्रश्न विचारला. वाल्मिकनं फोनवरून नजर काढली.

"काय म्हनली?"

"काही नाही."

"वाल्मिक."

"विचारते, तुमच्या आईला ठाऊक होतं का."

वर्षभर ती इथं रुसून बसली होती, आणि तिकडं वर्षभर हा प्रश्न कुणाला विचारायचा म्हणून पडून होता. इकडून निळ्या खुणांचे मेसेज जात होते, कशी आहेस, मुली कशा आहेत. ते वाचताना त्या बाईला काय वाटलं असेल.

"न्हाई म्हन. नव्हतं ठाऊक म्हन. माझ्या लेकराची आन हाय म्हन." मग ते लेकरू तर समोर उभं आहे हे ध्यानात येऊन ती थांबली.

वाल्मिकनं सांगितलं. नबिर्ये बोलली. तो जमिनीकडं बघत म्हणाला, "म्हणते, ठाऊक असतं तरी आईनं हेच सांगितलं असतं."

"खरं हाय," लंकाबाई म्हणाली.

पुरावा तिच्याकडं नव्हताच. गोळी धरलेली चिमटी तेवढी होती, आणि ती काही बोलत नाही. ती उठली, फोनसमोर उभी राहिली. "तिला सांग, तुझी ढेप मी खाल्ली हुती. शब्द दिला हुता. त्यो मोडला माझ्या घरानं. आता हे चुलवाण पेटवायचं का न्हाई, तिनं सांगायचं. ती म्हनंल ते."

"आई, काहीतरीच काय," वाल्मिक म्हणाला. "तू बंद ठेवलंस तर हा सगळा ऊस जाणार कुठं? फॅक्टरीतच ना? मग फायदा कुणाचा झाला?"

काकासाहेबांनी तोंड दुसरीकडं वळवलं, कारण हेही खरं होतं.

"सांग म्हनते ना."

त्यानं सांगितलं. तिकडं एक शेळी ओरडली. नबिर्येनं तिकडं एकदा वळून पाहिलं, मग काहीतरी विचारलं. रस काढलाय का, असं विचारते, वाल्मिक म्हणाला. मोनिकानं फोन काहिलीवर धरला. रसावर फेस आला होता, कडेनं काळपट पडायला लागला होता. नबिर्ये फोनच्या जवळ आली, इतकी की काचेत तिचा एकच डोळा दिसायला लागला. तिनं रस पाहिला. मग ती मागं सरून बोलली.

"म्हणते, रस आंबवू नका. पेटवा."

"आजून बोलली ती."

"एवढंच, आई."

"दोनदा बोलली. मी ऐकलं."

वाल्मिकनं हातातल्या जुडग्याकडं पाहिलं. "म्हणते, त्याच्या हातानं नको."

मग वाल्मिकनंच तो चिपाडाचा जुडगा पुढं केला. लंकाबाईनं तो घेतला. बुळबुळीत हातातून निसटत होता, म्हणून तिनं पदरानं हात कोरडे केले, काडी ओढली, जाळ धरला आणि भट्टीच्या तोंडाशी वाकली. दरवर्षीचे शब्द सवयीनं ओठांपर्यंत आले. म्होरल्या वर्सी पोरगं हाय. ते तिथंच राहिले. भट्टीनं हूं करून जाळ आत ओढला.

मग कामानं माणसांना धरलं, ते एक बरं असतं. अजिनाथ काहिलीभोवती फिरायला लागला. लंकाबाईनं भेंडीचं पाणी सोडलं, मळी वर आली, काढली, पुन्हा आली, पुन्हा काढली. मोनिकानं फोन पाण्याच्या माठाला टेकून ठेवला होता. नबिर्येनं आपला फोन कुठंतरी खाली ठेवून दिला असावा, काचेत नुसते पत्रे दिसत होते. पण तिनं तो बंद केला नव्हता.

पाक घट्ट झाला. लंकाबाईनं थोडा पाक थंड पाण्यात टाकला, गोळी वळली, आणि ताटली उचलून माठापाशी गेली. आज ती कुणाला गप बसा म्हणाली नाही. तिनं गोळी मारली. टण वाजली. तिकडं पत्रेच दिसत राहिले. जरा वेळानं एक हात आला आणि काच काळी झाली. त्या हाताची बाई तिथं बसून ऐकत होती की कामातून आठवण होऊन फोन बंद करायला आली होती, हे मोनिकाला कळलं नाही आणि लंकाबाईनं विचारलं नाही.

दुपारपर्यंत ढेपा बांधून झाल्या. काकासाहेब कधी निघून गेले कुणाला दिसलं नाही, त्यांची काकवीची बाटली कट्ट्यावरच राहिली. लंकाबाईनं पहिली ढेप धुतल्या फडक्यात बांधली आणि बाजेवर वाल्मिकच्या शेजारी आणून ठेवली.

"ही तिची. पोस्टानं जायची न्हाई."

वाल्मिक म्हणाला की त्याचं तिकडचं काम संपलंय, व्हिसा संपलाय, पुन्हा जायचं म्हणजे सोपं नाही. आणि तिथं जाऊन तो नबिर्येच्या दारात उभा कसा राहणार. हे शेवटचं तो अगदी हळू म्हणाला. लंकाबाई तोवर काहील खरवडायला गेली होती. तिनं ऐकलं असेल किंवा नसेल.

तो बसून राहिला. ढेप कोमट होती, फडक्यातून वास येत होता. बाजेच्या पायावरून मुंग्यांची रांग चढायला लागली. त्यानं त्या रांगेकडं पाहिलं. मग हात पुढं करून तो एकेक मुंगी हळूच बाजूला काढायला लागला.